आजारी पडायला जाणाऱ्या बाई

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या. लोखंडी जाळी, जाळीत तोंडाएवढं भोक, त्याखाली लोकांनी कोपरं टेकून टेकून गुळगुळीत केलेली फळी, आणि आत त्या. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती, म्हणून सगळे त्यांना चौकशीबाई म्हणायचे. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाले, अगदी पाकीटमारसुद्धा. पाकीटमारांना त्या चेहऱ्याने ओळखायच्या आणि माइकवरून शांतपणे सांगायच्या, “फलाट चारवरचे निळ्या शर्टातले गृहस्थ, हात स्वतःच्या खिशात ठेवा.”

तक्रारवहीत सगळ्यात जास्त तक्रारी त्यांच्या नावावर होत्या. त्यातल्या बऱ्याचशा त्यांना पाठ होत्या आणि पाहुणे आले की त्या म्हणून दाखवायच्या. एका माणसाने विचारलं होतं, “दहाची गाडी किती वाजता सुटते?” बाईंचं उत्तर: “सुटायची दहाला, सुटते साडेदहाला. तुम्ही पावणेदहाला या, म्हणजे पाऊण तास शिव्या द्यायला मिळेल.” माणसाने तक्रार लिहिली. साहेबांनी बोलावून घेतलं. बाईंनी एवढंच विचारलं, “उत्तर चुकलं का?” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना परत खिडकीत पाठवलं.

सासरे त्याच आगारात मेकॅनिक होते. अबोल माणूस. दिवसभर बसच्या खाली आणि संध्याकाळी बायकोच्या हाताखाली, असं त्यांचं आयुष्य गेलं, आणि एका दुपारी झोपेतच ते गेले. बाई खूप रडल्या. महिन्याभराने डोळे पुसून त्यांनी घरातला रेडिओ दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला, कारण ‘मी करतो, कुणी हात लावायचा नाही’ असं म्हणून सासऱ्यांनी तो नऊ वर्षं बंद ठेवला होता. मग त्या आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि तिसऱ्या मजल्यावरची तीन खोल्यांची जागा.

म्हातारपण गुडघ्यातून येतं असं लोक समजतात. बाईंचं म्हणणं होतं की ते दुसऱ्यांच्या तोंडातून येतं. चाळिशीपर्यंत लोक त्यांना ताई म्हणत. मग एक दिवस जाळीपलीकडून कुणीतरी ‘मावशी’ म्हणालं. तेही पचलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका चांगल्या टक्कल पडलेल्या माणसाने विचारलं, “आजी, शेवटची गाडी गेली का?” बाई म्हणाल्या, “गेली. आणि तुमचे केस तिच्या आधीच्या गाडीने गेले.” ही तक्रार दोन पानी होती.

आमच्याकडे आल्यावर तर सगळ्यांनीच त्यांना हळूहळू लहान करायला घेतलं. नवऱ्याने मोठ्या आकड्यांचा फोन आणला. टीव्हीसमोर मऊ खुर्ची ठेवली आणि ‘आईची जागा’ म्हणून जाहीर केली. बाई म्हणाल्या, “मला जागा दिली की मला ठेवून दिलं?” शेजारी त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत. खरं तर बसच्या हॉर्नमध्ये एकतीस वर्षं काढूनही बाईंचे कान असे, की मी स्वयंपाकघरात फोनवर आईशी कुजबुजले तरी बाहेरून आवाज यायचा, “ते तसं नव्हतं हं, नीट सांग!”

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बाईंच्या रक्तदाबाची गोळी मी रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातावर ठेवत असे. एकदा त्यांना सर्दी झाली. मी दुकानात होते, म्हणून नवऱ्याने त्यांना आपल्या ऑफिसच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दाब तपासला, जास्त आहे म्हणाला आणि गोळी लिहून दिली. आधीच एक चालू आहे हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं आणि बाईंना कुणी विचारलं नाही. तो ती दुसरी गोळी रोज रात्री द्यायला लागला. माझी पांढरी, त्याची गुलाबी. कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच.

बाईंना हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. नवऱ्याला म्हणाल्या, “अरे, दोन्ही पाकिटांच्या पाठीवर बारीक अक्षरात एकच नाव आहे.” तो म्हणाला, “आई, तू बारीक अक्षरं वाचत बसू नकोस, डोळे दुखतील.” मग त्या माझ्याकडे आल्या. मी भाजी चिरत होते. म्हटलं, “हो आई, बघते.” बघितलं नाही. आणि घरात एक पदवीधर मुलगा आणि एक औषधवाली सून असताना आपलंच काही चुकत असेल, असं समजून बाई मुकाट्याने दोन्ही गोळ्या गिळत राहिल्या. आयुष्यात एकदाच त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं, ते असं.

एका सकाळी जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या. अर्धा तास बसून होत्या. तेवढ्यात तीन शेजारी वर-खाली गेले. तिघांनीही प्रेमाने विचारलं, “काय आजी, हवा खाताय वाटतं?” चौथी मी होते.

आम्ही त्यांना मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. टेबलामागे एक कोवळा डॉक्टर होता. त्याने बाईंकडे पाहून गोड हसून घेतलं आणि मग माझ्या नवऱ्याला विचारलं, “यांना चक्कर कधीपासून येते?”

“आजच,” नवरा म्हणाला.

“पंधरा दिवस झाले,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरने ‘आजच’ लिहिलं. “भूक आहे यांना?”

“तशी कमीच,” नवरा म्हणाला. आदल्या रात्री बाईंनी त्याच्या ताटातलं उरलेलंही संपवलं होतं.

“झोप?”

“चांगली.”

“पोट साफ होतं का यांचं?”

नवरा गडबडला. त्याने आईकडे पाहिलं. बाई डॉक्टरला म्हणाल्या, “त्याला कसं ठाऊक असेल? तो आत माझ्याबरोबर नसतो.”

बाकावरचे पेशंट खो खो हसले. बाई खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, “हे बघा साहेब, पेशंट मी आहे. मला ऐकू येतं, बोलता येतं आणि माझं पोट कसं आहे हे या खोलीत फक्त मला माहीत आहे. चौकशी इकडे करायची.” आणि पिशवीतून दोन्ही पाकिटं काढून, उलटी करून, त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

डॉक्टरने ती वाचली. मी वाचली. माझं तोंड असं झालं की विचारू नका.

दाराशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. पायात पळायचे बूट, गळ्यात स्टेथोस्कोप. त्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. त्यांनी गुलाबी गोळी बंद केली, कोवळ्या डॉक्टरला कोपऱ्यात नेऊन काहीतरी ऐकवलं आणि परत येऊन म्हणाल्या, “आजी, तुम्ही माझ्याकडे काम कराल का?”

“आजी म्हणणार असाल तर नाही.”

“मग काय म्हणू?”

“बाई म्हणा. एकतीस वर्षं सगळे तेच म्हणत होते.”

काम असं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पेशंटशी बोलायची परीक्षा द्यावी लागते. एका लांब व्हरांड्यात सहा खोल्या. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, कधी त्याच्यासोबत एक खोटा नातेवाईक. दहा मिनिटांनी घंटा वाजली की मुलं पुढच्या खोलीत. कोपऱ्यात परीक्षक बसून गुण देतो. म्हातारे पेशंट म्हणून आजवर नाटकवाली पोरं केसांना पावडर लावून यायची. “ती नुसती थरथरतात हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हातारा म्हटलं की थरथरायचं, एवढंच त्यांना माहीत. मला तुमच्यासारखं कुणीतरी पाहिजे.”

घरी आल्यावर नवऱ्याने डोक्याला हात लावला. “लोक काय म्हणतील? आईला आजारी पडायला पाठवतो म्हणतील!”

“फुकट पडत होते तेव्हा कुणी काही म्हणालं नाही,” बाई म्हणाल्या.

“अगं, पण तुझं वय किती?”

“चौऱ्याहत्तर. म्हणून तर घेतलं. तुला घेतलं नसतं.”

मी गोळ्यांच्या प्रकरणामुळे खजील होतेच. म्हटलं, “दुकान उघडायच्या आधी मी सोडत जाईन.” नवऱ्याने माझ्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहिलं.

प्रत्येक परीक्षेआधी बाईंना एक कागद मिळायचा. त्यावर आजार, घरची माणसं, सवयी, आणि खाली ठळक अक्षरात: ‘विचारल्याशिवाय सांगू नये.’ ही अट बाईंना जन्मजातच ठाऊक असल्यासारखी जमली. खिडकीत बसून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस पहिला प्रश्न विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतो. ‘गाडी आहे का’ विचारणाऱ्याला खरं तर ‘आज मी पोचेन का’ हे विचारायचं असतं. आता त्या जाळीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या आणि पोरं त्यांना भलत्याच गाडीचं विचारत होती.

वीसपैकी दहा गुण डॉक्टरीणबाईंचे, दहा बाईंचे. पहिल्या दिवशी बाईंनी अकरा मुलांना शून्य दिलं. कारणं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. ‘ओरडून बोलला. मी बहिरी नाही, तो आहे.’ ‘खोट्या मुलाशी बोलत बसली, मी भिंतीकडे बघत होते.’ ‘मला बाळ म्हणाला.’ ‘या वयात चालायचंच, असं म्हणाला. दुसऱ्या कुठल्या वयात चाललं असतं ते विचारलं तर गप्प.’ मुलांनी डीनकडे अर्ज केला. बाईंना जुने दिवस आठवून फार बरं वाटलं.

सगळ्यात गाजलं ते जळजळीचं प्रकरण. कागदावर लिहिलं होतं: ‘लघवीला जळजळ, दोन महिने. विधवा. एका मित्राबरोबर राहते. खासगी संबंधांबद्दल विचारल्यासच सांगणे.’ त्रेचाळीस मुलं येऊन गेली. पाणी किती पिता, साखर तपासली का, शौचालय कसं आहे, सगळं झालं. एका मुलाने विचारलं, “घरी कोण असतं?” बाई म्हणाल्या, “मित्र.” मुलगा म्हणाला, “अरे वा, म्हणजे गप्पा मारायला सोबत आहे,” आणि पुढे बद्धकोष्ठाकडे वळला. चव्वेचाळिसावा मुलगा मात्र थांबला. त्याचे कान लाल झाले. तो टेबलाकडे बघत म्हणाला, “तुमचे आणि त्यांचे... म्हणजे वैवाहिक... म्हणजे अवैवाहिक...”

“आहेत,” बाई म्हणाल्या. “घाम पुसा आणि पुढचं विचारा.” त्याला त्यांनी दहापैकी दहा दिले.

रात्री जेवताना त्यांनी हे सांगितलं आणि नवऱ्याला सुपाचा जोरदार ठसका लागला. “आई!”

“अरे, कागदावरचं आहे.”

“कागदावरचं असलं तरी!”

“आणि नसलं तरी तुझं काय जातं?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला सूप वाढायला सांगितलं. नवऱ्याने त्या रात्री टीव्हीवरच्या बातम्या दोनदा पाहिल्या.

पुढच्या सत्रात डॉक्टरीणबाईंना आणखी म्हातारे पाहिजे होते. बाईंना ते कुठे मिळतात हे माहीत होतं. बागेत पाण्याच्या टाकीमागे एक बाक होता. तिथे रोज संध्याकाळी चार-पाच जण जमायचे आणि आजारांचा लिलाव चालायचा. एकाने दोन मुतखडे म्हटले की दुसरा तीन म्हणणार. बाई तिथे नेहमी जायच्या, पण आपल्याला फारसा आजार नसल्यामुळे कायम मागे पडायच्या. त्यांनी बाकावरून दोघांना उचललं. एक भूगोलाचे निवृत्त सर. दुसरे कर्नल.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं. मिशा आणि ताठ पाठ यांच्या जोरावर ते कर्नल झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात, दर रविवारी फोन करायचा आणि ‘तब्येत काय म्हणते’ विचारून उत्तराच्या आत हवामानावर यायचा. बाकावर सगळ्यात जास्त आजार कर्नलचे. पित्त, कानात शिट्ट्या, दाढ, टाच, सगळं ते रंगवून सांगायचे.

नट म्हणून दोघांनीही नाकी नऊ आणले. सर मुलांचं व्याकरण सुधारायचे. “‘तुम्हाला दुखणं होतं का’ नव्हे, ‘तुम्हाला दुखतं का’. पुन्हा म्हणा.” आणि कर्नल मरायचे. कागदावर साधी सर्दी असली तरी सातव्या मिनिटाला छातीवर हात ठेवून ते खुर्चीतून घरंगळायचे. पहिल्यांदा एका हुशार मुलाने त्यांना जमिनीवर घेऊन छाती दाबायला सुरुवात केली. कर्नलने एक डोळा उघडला आणि म्हणाले, “अरे हळू, मी बरा होतोय.” बाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठून दम दिला. “मरायचं नाही म्हणून सांगितलंय ना? कागदावर नाही ते करायचं नाही.”

“बाई, सर्दीत काय रंग भरणार?” कर्नल कुरकुरले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळ्यात निरुपद्रवी कागद दिला: गुडघेदुखी.

त्या दिवशी मी तिथे होते. नातेवाईकाचं काम करणारा हॉस्पिटलचा कारकून रजेवर होता. बाईंना सोडायला आलेल्या मला डॉक्टरीणबाईंनी हाताला धरून कर्नलच्या खोलीत बसवलं. “तुम्ही यांची मुलगी. विचारलं तरच बोला.” कर्नल पुन्हा मरू नयेत म्हणून बाई त्या दिवशी परीक्षक डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीशेजारी गुणपत्रिका घेऊन बसल्या.

चौथी आली ती जाड चष्म्याची, किडकिडीत मुलगी. आत येताना तिचं पेन दोनदा पडलं. तिने मला नमस्कार केला नाही. सरळ कर्नलसमोर खुर्ची ओढून बसली. गुडघा सहा मिनिटांत संपला. कुठे दुखतं, कधी दुखतं, जिना चढता का, सगळं नीट. चार मिनिटं उरली. बाकीची मुलं अशा वेळी घड्याळाकडे बघत बसायची. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “गुडघ्याचं सोडून आणखी काही?”

कर्नलने मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हे मरणार.

“रक्त जातं,” ते म्हणाले.

“कुठून?”

“लघवीतून. अधूनमधून. आठ महिने झाले.”

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर फक्त गुडघा होता.

“दुखतं का?” मुलीने विचारलं.

“नाही ना. दुखलं असतं तर बोललो असतो.”

“कुणाला सांगितलंय?”

कर्नलने माझ्याकडे बोट केलं. “हिला तर नाहीच. पोरीला कसं सांगायचं?” त्यांना मुलगी नाही. पण त्यांचा आवाज असा होता, की मला उगाचच अपराधी वाटायला लागलं.

घंटा वाजली. बाहेर पुढचा मुलगा दारावर टकटक करायला लागला. चष्मेवाली उठली नाही. ती वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “मॅडम, हे कागदावर आहे का?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. “परीक्षा थांबवा.”

आठवड्याभरात तपासण्या झाल्या. मूत्राशयात गाठ होती, नको त्या जातीची, पण अजून खोल गेलेली नव्हती. दुर्बिणीने काढता येईल म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई कर्नलच्या खाटेशी उभ्या राहून त्यांच्यावर तुटून पडल्या. मी डबा घेऊन बाजूला उभी.

“दोन वर्षं माझ्याशेजारी बसताय! पित्त सांगितलंत, दाढ सांगितलीत, टाचेची भेग चप्पल काढून दाखवलीत! आणि हे तेवढं राहिलं?”

कर्नल छताकडे बघत म्हणाले, “तुम्ही विचारलंत कुठे?”

मी सतरा वर्षं त्यांची सून आहे, बाईंना शब्द सुचला नाही असं मी तेवढंच एकदा पाहिलं. त्यांनी खाटेची चादर दोन्ही बाजूंनी खोचली आणि माझ्या हातातला डबा घेऊन टेबलावर ठेवला. घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर अंधारात बसल्या होत्या. म्हणाल्या, “आयुष्यभर लोकांनी मला विचारलं गं. मला कुणाला विचारायची सवयच नाही. पोरांना मात्र शून्य वाटत सुटले.”

मी म्हटलं, “आई, गोळ्यांचं तर तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तरी मी ऐकलं नाही.”

“हो, तू तर वजा पाच,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “चहा टाक.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही पाहिजे होती. मुलाचं विमान अजून यायचं होतं. काउंटरवरच्या माणसाने बाईंना विचारलं, “पेशंटशी नातं?”

“ओळख.”

“ओळख चालत नाही. पत्नी, बहीण, मुलगी, यातलं सांगा.”

“यातलं काहीच नाही. एका बाकावर बसतो आम्ही.”

“बाकाला रकाना नाही, आजी.”

मी डोळे मिटले. पण बाई त्या दिवशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हत्या. “मैत्रीण लिहा,” त्या म्हणाल्या. त्या माणसाने मान वर करून त्यांना केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. “लिहा की,” बाई म्हणाल्या, “आत माणूस उपाशी झोपवून ठेवलाय.” त्याने लिहिलं.

तो फॉर्म माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याने पाहिला. आमच्या शहरात मेव्हण्यांची कमतरता नाही. नवरा घरी आला तो तणतणत. “आई, मैत्रीण? लोक मला ऑफिसात विचारतात!”

“त्यांना माझ्याकडे पाठव. मी सांगते.”

“काय सांगशील?”

“आधी तू विचार, काय विचारायचंय ते.”

नवऱ्याने श्वास घेतला. “म्हणजे तू आणि ते... म्हणजे तुम्ही दोघं...”

“पूर्ण प्रश्न विचार, मग पूर्ण उत्तर देते.”

तो अजून पूर्ण झालेला नाही. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील.

कर्नलचा मुलगा पाच दिवसांसाठी आला. चांगला मुलगा, पण घाईत. त्याने वृद्धनिवासाची रंगीत पुस्तिका आणली होती. तिच्यात पांढऱ्या केसांची माणसं फळं कापता कापता हसत होती. “बाबा, इथे सगळं आहे,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, “मी बघून येते.” त्या एकट्या गेल्या आणि तिथल्या व्यवस्थापकाला समोर बसवून दीड तास चौकशी केली. आठला दिवे बंद होतात, बाहेर जायला सही लागते, आणि पुस्तिकेतली माणसं तिथली नाहीतच, ती कुठलीतरी भलतीच. परत येऊन त्यांनी हे सगळं मुलासमोर मांडलं आणि मग कर्नलकडे वळल्या. “आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय पाहिजे?”

कर्नलने पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. बहुतेक हा प्रश्न त्यांनाही नवा असावा. मग म्हणाले, “माझं घर. आणि दुपारी कुणीतरी.”

दुपारी कुणीतरी म्हणजे बाई. त्या रोज दोन ते पाच कर्नलकडे जातात. मध्यंतरी बाईंना सर्दी झाली होती आणि दर आठवड्याला मूत्राशयात औषध सोडायला कर्नलना हॉस्पिटलात न्यायचं होतं. मी दुकानात अडकलेले. नवरा तोंड वाकडं करून गेला. गेला तो संध्याकाळी सातला उगवला, हातात एक मोडकी छत्री. कर्नलने त्याला काडी बसवायला शिकवलं होतं. आता आमच्या बाल्कनीत चौदा छत्र्या आहेत. शेजाऱ्यांच्या आहेत, तो दुरुस्त करतो, आणि एकही पूर्ण उघडत नाही.

बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून महिन्यातून चारदा आजारी पडायला जातात. त्यांच्या पद्धतीत एक बदल झालाय. शून्य देण्याआधी त्या समोरच्या मुलाला विचारतात, “तुझं काय बिनसलंय रे?” गेल्या वर्षी एक मुलगी त्यांच्यासमोर चक्क रडली. दोन दिवस झोपली नव्हती. बाईंनी तिचं शून्य तसंच ठेवलं, पण आपली दोन्ही बिस्किटं तिला दिली.

परवा डॉक्टरीणबाईंनी त्यांना नवा कागद दिला. बाईंनी उलटासुलटा करून पाहिला. आजार या शब्दापुढे कोरं होतं.

“छापायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या.

“नाही, तसंच आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही. मुलाने काळजीपोटी पाठवलंय. बघू या पोरं काय करतात.”

पोरांनी काय केलं? एकाने सतरा तपासण्या लिहिल्या. एकीने हृदयाचा फोटो काढायला सांगितला. एकाला विसरभोळेपणाची दाट शंका आली, कारण मंगळवारी काय जेवलात हे बाईंना सांगता आलं नाही. बाईंनी त्याला उलट विचारलं, तर त्यालाही आठवेना, मग त्याने स्वतःच्या तपासणीचा विषय टाळला. धडधाकट म्हातारी समोर बसली आहे, यावर सकाळपासून कुणाचाही विश्वास बसत नव्हता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा दर घंटेला आणखी पडत होता.

शेवटून दुसरा मुलगा आला. जाडसर, आळसावलेला, शर्टाचं एक बटण तुटलेलं. तो बसला आणि विचारलं, “बाई, काय होतंय?”

“काही नाही.”

“मग आलात का?”

“मुलाने पाठवलं.”

त्याने बाईंकडे नीट पाहिलं. जेवण, झोप, चालणं, पडणं, औषधं, सगळं विचारलं. मग वही मिटली. “तुम्हाला काही झालेलं नाही. घरी जा. मुलाला पाठवा, त्याच्याशी बोलतो.”

बाईंनी त्याला दहापैकी दहा दिले. डॉक्टरीणबाईंनी चार दिले, कारण त्याने नाडी बघितली नव्हती. त्यावरून व्हरांड्यात दोघींची जुंपली. मी स्कूटर चालू करून फाटकाशी थांबले होते. संध्याकाळी दुकान उघडायची वेळ टळून गेली होती आणि आतून बाईंचा आवाज, माइक नसतानाही, रस्त्यापर्यंत स्पष्ट येत होता: “नाडी लागतेच आहे हो, त्याशिवाय मी भांडतेय का?”